नंबर काढण्याआधी

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारागिराला चाळिशी लागली की तो लगेच कुणाला डोळे दाखवायला जात नाही. आधी मशीनवरचा दिवा खाली ओढून घेतो. मग सुई ओवायला बाजूच्या पोराला हाक मारतो. निळ्या कापडावरची निळी शिलाई दिसेनाशी झाली की नारिंगी दोऱ्याचं काम मागून घेतो. एवढं करूनही भागेना, तेव्हा एखाद्या रात्री कारखाना सुटल्यावर नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात शिरतो आणि म्हणतो, ‘नंबर काढून द्या.’

काउंटरपलीकडे कोण बसलं आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. मालकाचा पुतण्या असेल, बघून बघून शिकलेला. दोन वर्षांची पदविका घेतलेला कुणी असेल. बारावीनंतर चार वर्षं घालून ऑप्टोमेट्रीची पदवी मिळवलेली मुलगी असेल. पाटीवरून यातलं काहीच कळत नाही, कारण ‘कॉम्प्युटरद्वारे नेत्रतपासणी’ हे शब्द तिन्ही दुकानांवर सारख्याच रंगात लिहिलेले असतात. ही पुस्तिका त्या तिसऱ्या व्यक्तीबद्दल, तिच्या शिक्षणाबद्दल आणि कामाबद्दल आहे. बारावी झालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी ती वाचावी अशी मूळ कल्पना. चष्मा लावणाऱ्या कुणालाही ती चालेल.

आधी कोण कोण ते पाहू. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे डोळ्यांचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध लिहिणं आणि शस्त्रक्रिया करणं हे त्याचं काम. ऑप्टिशियन चष्मा बनवतो. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टी तपासतो, नंबर ठरवतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो, दोन्ही डोळे एकमेकांशी जुळवून घेतात की नाही ते पाहतो, आणि आजाराचा संशय आला तर डॉक्टरकडे धाडतो. ग्रामीण रुग्णालयात ‘नेत्रचिकित्सा अधिकारी’ अशी पाटी दिसते, तिथे बसणारेही बहुधा नेत्रतज्ज्ञ नसतात. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने देशभर अशा नेत्रसहायकांची फळी उभी केली. गावोगावच्या मोतीबिंदू शिबिरांचं ओझं बऱ्याच अंशी त्यांनीच वाहिलं.

ऑप्टिशियनला मात्र कुणी कमी लेखू नये. उणे सहाच्या काचेचा मध्य बाहुलीपासून पाच मिलिमीटर जरी सरकला, तरी त्या एका डोळ्यावर तीन प्रिझमचा ताण येतो. नंबर अगदी बरोबर काढलेला असतो, चष्मा महाग असतो, आणि गिऱ्हाईक महिनाभर डोकं धरून बसतं. दोष मात्र नंबर काढणाऱ्याला लागतो.

आता तपासणीबद्दल. या विद्येचं सर्वात सुंदर हत्यार रेटिनोस्कोप आहे, असं माझं मत. खोलीत अंधार करायचा, प्रकाशाची एक बारीक पट्टी बाहुलीवरून फिरवायची आणि डोळ्याच्या आतून परत येणारी केशरी झळाळी कुठल्या दिशेला सरकते ते बघायचं. पट्टीच्या बरोबरीने सरकली तर प्लसची काच लावायची, उलटी सरकली तर मायनसची, आणि झळाळी हलायची थांबेपर्यंत काचा बदलत राहायचं. समोरच्या माणसाने तोंड उघडण्याआधीच त्याचा नंबर साधारण कळलेला असतो. सहा महिन्यांचं बाळ, बोलू न शकणारं मूल, अक्षरओळख नसलेली आजी, सगळ्यांना हे चालतं. हात बसायला मात्र वर्ष-दोन वर्षं लागतात. मशीन तेच काम काही सेकंदांत करून चिठ्ठी बाहेर टाकतं, म्हणून दुकानदाराला मशीन आवडतं. अडचण अशी की मशीनमध्ये डोकावताना लहान मुलाचा डोळा जवळच्या वस्तूवर नजर रोखल्यासारखा आवळला जातो आणि चिठ्ठीवर आहे त्यापेक्षा जास्त मायनस छापून येतो. मूल तो चष्मा घालूनही फळा वाचतं, कारण त्याचा डोळा जोर लावून जास्तीची काच पचवतो. तक्रार येत नाही आणि चूक वर्षानुवर्षं नाकावर बसून राहते. त्यासाठीच लहान मुलांच्या डोळ्यांत नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली थेंब घालून, तो जोर तात्पुरता सैल करून नंबर काढायचा असतो. थेंब घातले की निदान दिवसभर मुलाला जवळचं धूसर दिसतं आणि पालक घाबरून फोन करतात. हे आधी सांगून ठेवणं हाही शिक्षणाचाच भाग.

भिंतीवरचा तक्ता सगळ्यांच्या ओळखीचा. हर्मन स्नेलेन या डच डॉक्टराने तो १८६२ साली बांधला. ६/६ म्हणजे निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जे अक्षर दिसतं ते तुम्हालाही सहा मीटरवरून दिसतं. सहा मीटर लांबीची मोकळी जागा सापडली तर इकडचा दुकानमालक त्यात दुसरं दुकान काढील, म्हणून समोर आरसा लावून तीन मीटरचे सहा करतात. तक्त्यावर कोणती अक्षरं असावीत हा प्रश्न उल्हासनगरात फार जुना आहे. युद्धकाळातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे वसवलेले सिंधी निर्वासित, ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते बसवलेली नगराची कोनशिला; त्या पहिल्या पिढीतले अनेकजण उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अरबी वळणाच्या सिंधीत वाचायला शिकलेले. आज त्यांची नातवंडं इंग्रजी अक्षरं वाचतात, शेजारचा कारागीर देवनागरी वाचतो, कुणी काहीच वाचत नाही. म्हणून चारी दिशांना तोंड फिरवलेल्या ‘ई’चा तक्ता लागतो. तोंड कुठे आहे ते हाताने दाखवलं की झालं.

इथवरचं काम हुशार माणूस पदवीशिवायही शिकतो, आणि काहीजण उत्तम शिकले आहेत. पदवीचा कस लागतो तो काच लावूनही नंबर जमत नाही तिथे. जमूनही तो द्यायचा नाही हे कळावं लागतं, तिथे तर जास्तच.

साठी ओलांडलेल्या काकू खुशीत सांगतात, की आता चष्म्याशिवाय पोथी वाचता येते, चाळिशी उतरली. घरात पेढे वाटायचे बाकी असतात. बहुतेक वेळा हा मोतीबिंदूचा पहिला पाहुणचार असतो. डोळ्यातलं भिंग मध्यभागी घट्ट होत जातं, नंबर मायनसकडे सरकतो, जवळचं फुकटात दिसू लागतं आणि दूरचं हळूहळू जातं. अशा वेळी दर सहा महिन्यांनी नवा चष्मा विकता येतो. जाणकार माणूस विकत नाही, डॉक्टरकडे पाठवतो. ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ म्हणून थांबण्याचे दिवस गेले, हेही त्यानेच समजावायचं.

दुसरं उदाहरण साखरेचं. पन्नाशीचा दुकानदार सांगतो की गेल्या पंधरा दिवसांत दूरचं अंधुक झालं. तपासलं तर मायनस एक. रक्तातली साखर चढली की डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो आणि असा नंबर येतो. साखर उतरली की नंबरही उतरतो. त्या दिवशी बनवलेला चष्मा महिन्याने निकामी. इथे योग्य प्रश्न एकच, ‘शेवटची शुगर कधी तपासली?’ मधुमेह असल्याचं काहींना चष्म्याच्या दुकानात पहिल्यांदा कळतं, आणि तिथून पुढे पडद्याची तपासणी दर वर्षी करायला हवी, हेही तिथेच सांगावं लागतं.

तिसरं, सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. दर सहा महिन्यांनी सिलिंड्रिकल नंबर वाढतोय, अक्ष बदलतोय, डोळे सतत चोळतो. रेटिनोस्कोपखाली झळाळी सरळ न सरकता कात्रीसारखी उघडझाप करते. बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार होत असल्याची ही खूण आहे. वेळेवर कळलं तर ते थांबवण्याचे उपचार आहेत. मशीनच्या चिठ्ठीवर विसंबलं तर फक्त आकडे वाढत राहतात.

आणि ज्याला अचानक डोळ्यापुढे काळे ठिपके, विजेसारखे झोत आणि एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसू लागलं, त्याच्यासाठी ट्रायल फ्रेम उघडायचीच नाही. डोळ्याच्या आतला पडदा सुटत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात पोचायला हवं. कल्याणला की मुंबईला, कोणत्या गाडीने, हेसुद्धा सांगून मोकळं व्हावं.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांत आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा, तो म्हणजे काम काय करता. चाळीस सेंटिमीटरवर वाचायला डोळ्याला अडीच डायॉप्टरची ताकद लागते, तेहतीस सेंटिमीटरवर तीनची, सहासष्टवर दीडची. कॅम्प पाचमधला शिलाईवाला कापड नाकाशी धरतो. अंबरनाथच्या वर्कशॉपमधला टर्नर व्हर्नियर जवळून वाचतो, पण लेथवरचा जॉब हातभर लांब असतो. ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणीच्या टेबलावर आयुष्य काढलेल्याची गरज वेगळी, आणि इलेक्ट्रिशियनला तर जवळचं पाहायचं असतं तेच मुळी मान वर करून. त्याला खालच्या बाजूला जवळची खिडकी असलेला बायफोकल दिला तर तो शिडीवरून पडेल. वय बघून दीड, दोन, अडीच असा नंबर देणाऱ्याला हे प्रश्न पडत नाहीत. ‘दादा, सुई केवढ्या अंतरावर धरता? हातानं दाखवा,’ एवढं विचारलं की निम्मं काम होतं.

बदलापूरकरांची गोष्ट आणखी निराळी. पहाटेची लोकल पकडून मुंबईला गेलेला माणूस रात्री साडेआठ-नऊला परततो आणि घरी जाता जाता दुकानात टेकतो. एकेका बाजूला सत्तरएक किलोमीटर जाऊन येऊन, दिवसभर स्क्रीन बघून, परतताना गर्दीत नाकाशी मोबाइल धरून कोरडे पडलेले डोळे. त्या वेळी काढलेला नंबर आणि रविवारी सकाळी काढलेला नंबर सारखाच येईल याची खात्री नाही. ऑप्टोमेट्रिस्टने अशांना रविवारी बोलवावं. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाण्याचा धोका त्यात असतो, म्हणून ही गोष्ट पुस्तकात सोपी आणि स्टेशनरोडवर अवघड.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीतल्या रसायनांबद्दल इथे थोडक्यात सांगतो, पुढे त्यावर सविस्तर प्रकरण आहे. डोळ्यात ॲसिड किंवा कॉस्टिक उडालं तर आधी पाणी, मग रिक्षा. नळाखाली डोळा उघडा धरून निदान वीस मिनिटं, अर्धा तास धुवत राहायचं. कॉस्टिक, चुना यांसारखे अल्क ॲसिडपेक्षा जास्त खोल जातात. जळजळ थांबली म्हणून घरी जायचं नाही.

आता पात्रतेकडे वळू. भारतात ऑप्टोमेट्रीचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम १९५८ च्या सुमारास अलीगढ आणि हैदराबादला सुरू झाले. चार वर्षांच्या पदवीची वाट १९८५ साली चेन्नईच्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीने घालून दिली. आज बी. ऑप्टोमसाठी विज्ञान शाखेतून बारावी लागते. तीन वर्षं वर्ग आणि प्रयोगशाळा, चौथं वर्ष रुग्णालयातली आंतरवासिता. पहिल्या वर्षी प्रकाशशास्त्र आणि शरीरशास्त्र एकत्र येतात आणि जीवशास्त्र आवडणाऱ्यांना गणित घाम फोडतं, गणितवाल्यांना डोळ्याच्या नसा. पुढे द्विनेत्री दृष्टी, कॉन्टॅक्ट लेन्स, बालदृष्टी, कमी दृष्टी, डोळ्यांचे आजार. हवं तर दोन वर्षांचं एम. ऑप्टोम. या पट्ट्यातल्या मुलांना जवळची नावं म्हणजे जुहूचं लोटस कॉलेज आणि पनवेलचं लक्ष्मी कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री. पुण्यात भारती विद्यापीठाचं महाविद्यालय आहे. जुहूसाठी दादरला गाडी बदला, पनवेलसाठी ठाण्याला. बदलापूरहून कोणतंही कॉलेज जवळ नसतं, याची इथल्या मुलांना सवय आहे.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, ओपीडी बघा. आंतरवासितेच्या वर्षात विद्यार्थ्याच्या हाताखालून किती प्रकारचे डोळे जातात, त्यावर त्याची पुढची वीस वर्षं अवलंबून असतात.

कायद्याने मात्र या शिक्षणाकडे फार उशिरा पाहिलं. डॉक्टरांसाठी, दंतवैद्यांसाठी, परिचारिकांसाठी केंद्रीय कायदे केव्हाचे होते, ऑप्टोमेट्रिस्टसाठी नव्हता. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा २०२१ साली आला, तेव्हा त्याच्या परिशिष्टात ऑप्टोमेट्रिस्टचं नाव पहिल्यांदा ठळकपणे बसलं. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला तीन ते सहा वर्षांत मिळून किमान ३६०० तासांचं शिक्षण हवं, अशी त्यात अट आहे. राज्यांनी परिषदा नेमायच्या आणि नोंदवह्या ठेवायच्या आहेत. कायदा चांगला आहे. पण तीस वर्षं बघून बघून शिकलेल्या आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न कायद्याच्या कलमांपेक्षा दुकानाच्या पायरीवर जास्त टोचतो. माझ्या मते त्यांना चष्मा बनवण्याच्या कामात पूर्ण मान आणि तपासणीसाठी शेजारी एक शिकलेला माणूस, एवढी तडजोड दोघांच्याही हिताची आहे. ज्यांना हे पटणार नाही, त्यांची बाजू पुढच्या एका लेखात आहे.

शिबिरांबद्दलही बोललं पाहिजे. आमच्या तिन्ही गावांत नेत्यांचे वाढदिवस भरपूर आणि त्यानिमित्त मोफत नेत्रतपासणी व चष्मेवाटपही भरपूर. फलकावर नेत्याचा फोटो चष्म्यापेक्षा मोठा असतो. तयार चष्म्यांच्या पेटीतून दोन्ही डोळ्यांना सारखाच प्लस दोन नंबर वाटला जातो, म्हणून शिकलेले लोक नाकं मुरडतात. मी तितका नाक मुरडणारा नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या खुडणाऱ्या कामगारांना साधा जवळचा चष्मा दिल्यावर त्यांचं काम सुमारे २२ टक्क्यांनी वाढलं, असं २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आलेल्या अभ्यासाने दाखवलं. शिलाईवाल्याचा रोज नगावर ठरतो, त्याला हे गणित कुणी शिकवायला नको. शिबिराचा खरा दोष दुसराच आहे. चष्मा मिळाला म्हणजे डोळे तपासून झाले, असं लोक धरून चालतात. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, आणि सुरुवातीला तक्त्यावरची शेवटची ओळही वाचू देतो. डोळ्यातला दाब मोजला नाही आणि मागची नस पाहिली नाही तर तो चष्म्याआड आरामात वाढतो. भिंतीला चिकटवलेला तक्ता आणि चष्म्यांची पेटी यांत त्याला पकडण्याची सोय नाही.

कमी दृष्टीचं प्रकरण अशा पुस्तकांत सहसा शेवटी ढकललेलं असतं. इथे ते तिसरं आहे, आणि त्याला कारण वांगणी. बदलापूरच्या पुढचं स्टेशन. घरं परवडतात आणि लोकल मिळते म्हणून इथे शेकडो अंध माणसं संसार मांडून आहेत. अनेकजण गाड्यांमध्ये किरकोळ वस्तू विकतात. १७ एप्रिल २०२१ रोजी याच फलाटावरून अंध आईचा हात सोडून मूल रुळांवर पडलं आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी समोरून गाडी येत असताना धावत जाऊन त्याला वर ढकललं. देशाने ती चित्रफीत पाहिली आणि वांगणीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. बदलापूर-कर्जत गाडीत बसणाऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं.

सरकारी कागदावर ‘अंध’ म्हटलेल्या प्रत्येकाला पूर्ण काळोखच असतो असं नाही. २०१७ पासून भारतात अंधत्वाची रेषा चांगल्या डोळ्याला ३/६० पेक्षा कमी अशी धरतात. म्हणजे रेषेच्या अलीकडे-पलीकडे अशी माणसं असतात ज्यांना हालचाल कळते, उजेडाची कड कळते, मोठं अक्षर डोळ्याशी धरलं तर लागतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ‘कमी दृष्टी’ हा वेगळा प्रकार आहे, तो साधारण ६/१८ पासून खाली सुरू होतो. प्रमाणपत्र डॉक्टर देतात. उरलेल्या दृष्टीचं काय करायचं, हे पाहणं ऑप्टोमेट्रिस्टचं काम. तो आधी विचारतो की तुम्हाला नेमकं काय बघायचं आहे: नोटेवरचा आकडा, मोबाइलवरचं नाव, मुलाच्या वहीतलं अक्षर, की इंडिकेटरवरची गाडी. जवळच्या कामाला स्टँडवरचं भिंग, दूरच्याला छोटी दुर्बीण, चकाकी त्रास देत असेल तर पिवळट काच, वहीला जाड काळ्या रेघा, आणि दिव्याची जागा बदलणं. यातलं शेवटचं फुकट आहे आणि सर्वात जास्त उपयोगी पडतं.

पदवीच्या अभ्यासात हा विषय असतो, पण तो हातात बसायला वेळ लागतो, आणि एकेका माणसाला तास-दीड तास द्यावा लागतो. दुकानाच्या हिशोबात हे बसत नाही, रुग्णालयाच्या रांगेतही सहज बसत नाही. म्हणून आंतरवासितेला जाणाऱ्या मुलामुलींनी कमी दृष्टीच्या विभागातली पाळी आपणहून मागून घ्यावी. मागितली नाही तर वर्षाचे बहुतेक दिवस नंबर काढण्यातच जातात.